दुनळीला दिलेला घास

तत्त्वासाठी म्हणून तुम्ही कधी खोटं बोलला आहात का? पैशासाठी नव्हे, भीतीपोटी नव्हे. आपण किती सच्चे आहोत हे चार माणसांना दिसावं म्हणून? मी बोलले आहे. दसऱ्याच्या सकाळी, भोरच्या आमच्या घराच्या पडवीत, दोन छोटी वाक्यं. ती बोलून मी मान ताठ केली होती, आणि आतून मला फार छान वाटलं होतं. ती वाक्यं कोणती, आणि ती कुणाला भोवली, हे नीट कागदावर मांडायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, वकील होते, पण त्यांचा जीव अशिलांपेक्षा बंदुकांत होता. त्याही सगळ्या बंदुकांत नाही. संस्थानात ज्याच्याकडे परवाना त्याच्याकडे बारा नंबरची बंदूक असायची. आबांना ती रांगडी वाटे. त्यांना हव्या असत बारीक नळीच्या जुन्या दुनळी, वीस नंबरच्या, अठ्ठावीस नंबरच्या. बंदुकीत नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. पुण्याच्या कॅम्पातले साहेब विलायतेला परतताना घरातलं सामान विकत, तेव्हा लोक गालिचे आणि कपाटं बघायला जात. आबा थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या चामड्याच्या पेटीकडे जात. अशा पाच दुनळी आमच्या घरात जमल्या होत्या. दोघींना बाहेरून घोडे होते, म्हणजे चाप ओढण्याआधी अंगठ्याने मागे ओढायचे खटके. एकीच्या नळ्यांवर पाण्यावरच्या लहरींसारखी वळणं होती. लोखंडाच्या पट्ट्या पिळून ती नळी घडवली आहे, असं आबा सांगत आणि सांगताना तिच्यावरून बोट फिरवत. रविवारी सकाळी माजघरात जवसाच्या तेलाचा वास सुटे. दस्त्यांना तेल चोळलं जाई, नळ्यांतून चिंधी ओढली जाई, आणि बंदूक मिटताना जो आवाज होई, खट्ट असा, मऊ आणि नेमका, तो ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणे, “झालं का लेकींचं न्हाणं? मग आता माणसांनी जेवायला या.”

अठ्ठावीसची दुनळी माझी. कागदोपत्री आबांची, पण वजनाने हलकी म्हणून बाराव्या वर्षापासून माझ्या हातात. भातं कापून झाली की खाचरांच्या बांधांवरून लावे उठत. पायाखालून फर्र आवाज येई, छातीत धस्स होई, आणि त्या धस्समध्येच बंदूक खांद्याला लागलेली असे. मी बरी मारत असे, हे आज सांगताना लाज वाटावी अशी अपेक्षा आहे. पण खरं सांगते, लाज वाटत नाही, ते दिवस फार सुंदर होते. संध्याकाळी आंबेमोहोराच्या भातावर तितराचा रस्सा असे. खाता खाता कुणाच्या तरी दाताखाली छर्रा येई, आणि तो पितळीच्या काठाशी ठेवताना टिण् असं वाजे. मग आबा मान वर न करता विचारत, “वीसचा की अठ्ठावीसचा?” जणू छर्रा पाहून कुणाला ते कळणार होतं.

याच घरात माझा दुसरा खुराक होता तो पत्रकांचा. पुण्याहून ती सर्व्हिस मोटारीने कापूरहोळपर्यंत येत आणि तिथून माझ्या मैत्रिणीच्या भावाच्या सायकलवर, गुळाच्या ढेपेखाली दबून, भोरात. पातळ कागद, बोटांना लागणारी शाई, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. वेठबिगार बंद करा! कुरणं रयतेची आहेत! वाचायला मी शाळेत शिकले, पण रागवायला पत्रकांवर शिकले. सोळाव्या वर्षी मी स्वतः लिहू लागले. दोन छापूनही आली, नावाशिवाय. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. फक्त माझा चुलतभाऊ बापू, पुण्याला वकिली शिकणारा, सुट्टीत आला की मला ‘पत्रकबाई’ म्हणे. “काय पत्रकबाई, आज कुणाचं राज्य उलथलं? की आधी तित्तर खाणार?” मला या माणसाचं तोंड बंद करण्याची फार इच्छा असे.

आता धोंडबा. वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर धनगरांची पाच-सात घरं होती, तिथला. मेंढरं, चार गुरं, नाचणीचा एक तुकडा. आबा त्या बाजूला रानकोंबड्यांसाठी जात तेव्हा तो वाट दाखवायला आला आणि हळूहळू बंदुकांचाच झाला. त्याला अक्षरओळख नव्हती, पण काडतुसाच्या पितळी बुडावरचे आकडे तो चित्रासारखे ओळखे. त्याची एक सवय होती. कुठलीही बंदूक भरण्याआधी तो ती मोडे, म्हणजे मधल्या बिजागरीत उघडे, आणि नळी आभाळाकडे करून मागून डोळा लावी. “आबाळ दिसलं,” असं म्हणे, मगच काडतूस घाली. दर वेळी. लावा समोर दिसत असला तरी. आबा चिडत, “अरे, उडून जाईल तो!” धोंडबा म्हणे, “जाऊंद्या की. त्यालाबी पोरंबाळं हायती.”

आणि आमच्या घरची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा सगळेच करतात. आमच्याकडे पाचही दुनळी पाटावर मांडल्या जात, हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं यथासांग; आणि शेवटी घरच्या लेकीने प्रत्येक बंदुकीच्या उजव्या नळीत एक काडतूस घालायचं. त्याला ‘घास’ म्हणत. शस्त्राला सणाच्या दिवशी उपाशी ठेवू नये म्हणून. दसऱ्याच्या सकाळी धोंडबा ते घास काढून घेई. आणखी एक दंडक होता: पूजलेल्या नळीला सीमोल्लंघनाचा पहिला बार होईपर्यंत डोळा लावायचा नाही. देवाच्या तोंडात डोकावू नये तसं. म्हणजे वर्षातल्या त्या एका दिवशी धोंडबाचं आभाळ बंद असे. आदल्या दिवशी त्यानेच नळ्या लख्ख केलेल्या असत, आणि मधे त्यांत काय गेलं ते घास देणारी लेक सांगे. एवढ्यावर सगळं चाले.

त्या वर्षी खंडेनवमीला मी धुमसत होते. नवं पत्रक आलं होतं, त्यात अंधश्रद्धेवर जळजळीत मजकूर होता, आणि ते मी पदराखाली धरून उभ्याउभ्या वाचत होते. आई म्हणाली, “शालू, घास दे. नैवेद्य निवतोय.” मी म्हटलं, “लोखंडाला भूक लागते का आई?” ती म्हणाली, “तुला लागते ना? मग त्यांना देऊन टाक आणि पानावर ये.” पुरणाचा वास घरभर होता. मी एका हातात पत्रक धरून दुसऱ्या हाताने काडतुसं भरली. त्या वर्षी वीसची आणि अठ्ठावीसची काडतुसं एकाच तांबड्या रंगाची आली होती. पिळाच्या नळीच्या वीस नंबरच्या दुनळीत मी घातलेलं काडतूस बोटातून जरा लवकर निसटलं, आत सरकलं आणि दिसेनासं झालं. इतर काडतुसांची पितळी बुडं नळीच्या मागच्या तोंडाशी दिसत होती. हे दिसलं नाही. मला वाटलं, नीट बसलं. वाटलं तरी का म्हणू? मी पाहिलंच नाही. मी ओळ वाचत होते.

बारीक नळीचं काडतूस मोठ्या नळीत गेलं की ते मागे अडत नाही. पुढे घसरतं आणि नळी जिथे निमुळती होते तिथे घट्ट बसतं. मागून वरवर पाहिलं तर जागा रिकामी. तिथे दुसरं काडतूस खुशाल मावतं. हे मला ठाऊक होतं. बाराव्या वर्षापासून आबांनी पढवलेली ती पहिली गोष्ट.

दसऱ्याच्या सकाळी धोंडबा पडवीत मांडी घालून एकेक बंदूक मोडून घास काढत होता. चार निघाले. पाचवी, ती पिळाची, त्याने मोडली आणि थांबला. बापू खांबाला टेकून चहा पीत होता. धोंडबाने मला हाक मारली.

“ताईसाब, ह्या यकीला घास न्हाई दिला व्हय?”

बापू हसला. “अरे, विचारतोस काय? पत्रकबाईंनी पाचांनाही प्रेमाने भरवलं. मी पाहिलं ना. एका हातात क्रांती आणि एका हातात नैवेद्य!”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं; पाचवीला दिलेला घास गेला कुठे, हे मनातही आलं नाही. मी म्हणाले, “तिला नाही दिला. मी लोखंडाला जेवू घालत नाही.”

“मग बाकीच्या चौघींना?”

“ते आईसाठी. ही माझ्यासाठी.”

बापूचं तोंड खरंच बंद झालं. धोंडबा माझ्याकडे पाहत राहिला, मग गालात हसला. “उपाशी ठिवली म्हना की बिचारीला. आसूंद्या, सांच्याला बार करून जेवू घालू.” त्याने नळीला डोळा लावला नाही. त्याने बंदूक मिटली. खट्ट.

दुपार कलल्यावर आम्ही गावाबाहेरच्या शेतात गेलो. आपट्याखाली माणसं जमली होती. पहिला बार हवेत काढायचा मान आबांनी कित्येक वर्षांपासून धोंडबाला दिलेला. त्याने पिळाची दुनळी घेतली, वीसची दोन काडतुसं घातली, घोडे ओढले, डावा हात नळीखाली धरला. मी दहा पावलांवर होते. आवाज नेहमीचा नव्हता. नेहमीचा बार पुढे जातो. हा जागच्या जागी फुटला. धूर विरला तेव्हा धोंडबा उभाच होता आणि आपल्या हाताकडे पाहत होता. अंगठा आणि दोन बोटं नव्हती. उजवी नळी केळीच्या सालीसारखी उलटली होती. तो म्हणाला, “आं?” एवढंच. एखाद्याने अनोळखी भाषेत काही विचारावं आणि आपण म्हणावं, तसं.

मला तेव्हा कळलं. पुढे नाही, चौकशीत नाही, त्याच क्षणी. आणि मी काहीही बोलले नाही. मी त्याचा फेटा फाडला, हात बांधला, गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखान्यापर्यंत पाणी पाजलं. सगळं केलं, एक वाक्य सोडून.

दोन दिवसांनी कचेरीतून चौकशीला माणूस आला. परवान्याचा प्रश्न होता. आबांनी धोंडबाला दवाखान्यात जाऊन एकच प्रश्न विचारला: “किती प्यायला होतास?” तो म्हणाला, “थेंब न्हाई.” आबांनी जबाबात लिहिलं की नोकराने नशेत चुकीचं काडतूस आधी घातलं असावं. त्यांना ते खरंच वाटत होतं, की वाटून घेतलं, हे मी आजही ठरवू शकत नाही. वकील माणूस, ‘असावं’ हा शब्द त्यांनीच घातला. गावात गेला तोवर ‘असावं’ गळून पडलं. दारुडा धनगर, वकिलांची बंदूक फोडली त्याने. नळी, मग हात, मग नाव. नळी आमची होती, बाकीचं त्याचं गेलं.

आणि मी काय केलं? मी पत्रक लिहिलं. हे लिहिताना मला अजूनही धक्का बसतो, इतक्या वर्षांनी, की त्या मुलीला हे जमलं कसं. श्रीमंतांच्या शौकापायी गरिबाचा हात! शिकारीच्या नादात रयत बळी! प्रत्यक्ष बापाविरुद्ध लिहिते आहे, या कल्पनेने माझे डोळे भरून येत होते. दोन रात्रींत नव्हे, एका बैठकीत लिहिलं. इतकं सहज आलं. छापण्याआधी ते धोंडबाला वाचून दाखवावं, म्हणून आत्याकडे जाते सांगून मी वेल्ह्याला गेले आणि सोंड चढले.

उन्हं छान होती. मेंढरं दारातच होती. धोंडबा भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर ठेवून, जसं दुसऱ्या कुणाचं काही सांभाळायला दिलंय. त्याचा मेव्हणा लोकर कातरत होता. धोंडबाची बायको सखूबाई चुलीपुढे नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. तिने मला ताक दिलं. “बसा. लई लांबून आलासा.”

मी वाचायला लागले. आवाज चढवून, थांबे घेऊन. मेव्हण्याने कातर थांबवली. वाचून झालं तेव्हा मला वाटलं, कुणी तरी रडेल. सखूबाईने भाकरी उलटली.

“ब्येस लिव्हलंसा,” ती म्हणाली. “आमचं नाव हाय, गावाचं नाव हाय, तुमच्या बाचं हाय. तुमचं कुठं हाय ह्यात?”

मी म्हणाले, “पत्रकावर लिहिणाराचं नाव घालत नाहीत.”

“लिव्हनाराचं न्हवं ईचारत म्या.”

ती उठली, आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. दसऱ्याला धोंडबाच्या डाव्या खांद्यावर होती ती. घडीतून तिने एक चेपलेला पितळेचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. काडतुसाचं बूड. लोकरीत घुसून बसलं होतं. मी ते उलटलं नाही. धोंडबानेच उलटलं, उजव्या हाताच्या एका बोटाने.

“अठ्ठाईस,” तो म्हणाला. “आकडा ह्योच ना? त्या काडतुसांच्या पेटीला म्या हातबी लावला न्हवता, ताईसाब. नवमीला ती तुमच्या म्होरं हुती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं. “आबांना, कचेरीच्या माणसाला, कुणाला तरी...”

“कुनी ईचारलं?” तो शांतपणे म्हणाला. “किती प्यालास, ह्येच ईचारलं समद्यांनी. काय घडलं, ह्ये एकानं ईचारलं आसलं तर सांगा.”

मी पत्रकाची घडी केली.

“म्या तुमाला ईचारलं हुतं,” तो म्हणाला. “पडवीत. तुमी म्हनालासा, न्हाई दिला. मला वाटलं, ही पोरगी कुनाला भीत न्हाई, बाला भीत न्हाई, ही खोटं कशाला बोलंल?”

सखूबाई म्हणाली, “रडू नगा. रडून भाकरी भिजंल. काय करनार त्ये बोला.”

“तुम्हाला राग...” मी सुरुवात केली.

“हाय की,” धोंडबा म्हणाला. “लई हाय. मेंढरू धरता येत न्हाई मला. पर त्याच्याबी वर, वेल्ह्याच्या बाजारात पोरं म्हनत्यात, आला बेवडा. म्या कंदी प्यालो न्हाई, ताईसाब. माजा बा पीत व्हता. त्ये बघून म्या देवाम्होरं आन घेतल्याली. हात गेला त्यो गेला. त्येवढं मागं घ्या.”

त्येवढं मागं घ्या. मी पत्रक चुलीत घातलं आणि उतरले.

आबांना सांगितलं तेव्हा ते नळी पुसत होते. चिंधी अर्ध्यात थांबली. ते म्हणाले, “जबाब गेलाय, शालू. आता तो फिरवला तर मी खोटा ठरतो.” मी म्हणाले, “आता धोंडबा खोटा ठरलाय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की हा माणूस मला घाबरलेला नाही, माझ्यासाठी घाबरलेला आहे, परवान्यासाठी नाही, माझ्या लग्नासाठी, माझ्या नावासाठी. त्या प्रेमाचा मला जेवढा संताप आला तेवढा कुठल्याही जुलमाचा आला नसेल. मी एकटी कचेरीत गेले. कारकुनाने ऐकून घेतलं, टाक दौतीत बुडवलादेखील. मग मी कुणाची मुलगी ते कळल्यावर टाक पुसून ठेवला. “घरी जा, बाई. घरंदाज मुलीचं नाव असल्या कागदावर आम्ही चढवत नाही.” मग मी खरं पत्रक लिहिलं, खाली सही करून, आणि पुण्याला पाठवलं. उत्तर आलं: तळमळ चांगली आहे, पण यात शत्रू कोण ते कळत नाही, सबब छापता येत नाही. मी हाताने बारा प्रती काढल्या. वेल्ह्याच्या बाजारात एक भिंतीला डकवली. दुपारपर्यंत ती कुणीतरी फाडली. उरलेल्या वाटल्या. ज्यांनी घेतल्या त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी घडी करून खिशात घातल्या.

आबांनी पुन्हा बंदूक खांद्याला लावली नाही. चार दुनळी पेटीत गेल्या आणि पुढे कुणाकडे गेल्या मला माहीत नाही. मी धोंडबाकडे जात राहिले. तो मला कधी ‘माफ केलं’ म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. बाजारात ‘बेवडा’ ही हाक ऐकू आली की तो मान वळवत नसे, एवढं मी पाहिलं. संस्थान गेलं, तो कागद कुठल्या गठ्ठ्यात गेला देव जाणे, पण ती हाक धोंडबापेक्षाही जास्त जगली. अलीकडे त्या बाजूचा एक शिकलेला, चांगला मुलगा मला भेटला. गावच्या जुन्या गमती सांगता सांगता हसून म्हणाला, “आमच्याकडे एक बेवडा धनगर होता म्हणे, दारूच्या नशेत त्याने वकिलाची बंदूक फोडली.” मी त्याला तिथेच थांबवलं. पण असे किती जण मला भेटणार?

म्हणून ही विनंती. तुम्ही भोरचे असा, वेल्ह्याचे असा, किंवा त्या डोंगरांत तुमचं कुणी असो: ती गोष्ट कुणी सांगायला लागलं, की हसू नका आणि गप्पही बसू नका. त्याला मधेच अडवा आणि म्हणा, धोंडबा दारू पीत नव्हता. चुकीचं काडतूस वकिलांच्या शालूने घातलं, आणि त्याने विचारल्यावर ती खोटं बोलली. माझं नाव घ्या, ते घेण्यासाठीच इथे लिहिलं आहे. आणि समोरच्याला वाचता येत नसेल, तर हे पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा.